सुनेचं सर्टिफिकेट

ताई,

मी ५९ वर्षांची आहे, बँकेतून निवृत्त झाले. मुलाचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. सून अरुणाचल प्रदेशची, गालो समाजाची, आलो गावची. दोघं एकाच कंपनीत होते, तिथेच जमलं. सुरुवातीला मला जड गेलं, खोटं कशाला बोलू? पण मुलगी लाघवी आहे, कामाला वाघ आहे, आता तिच्याशिवाय मला करमत नाही.

त्रास बाहेरच्यांचा होतो. सोसायटीत नवा वॉचमन आला की तिला अडवतो, "किधर जाना है?" मला किंवा मुलाला कधी विचारत नाही. गेल्या महिन्यात नात्यातल्या एका साखरपुड्याला गेलो होतो. माझ्या चुलत नणंदेने चारचौघांत विचारलं, "ही नेपाळी का गं? की चायनीज?" मी लगेच म्हटलं, "नाही हो वन्सं, आपली भारतीयच आहे. हिंदी तर तुमच्या-माझ्यापेक्षा छान बोलते. मराठीही शिकलीये. दिसायला तशी आहे, पण एकदम आपल्यासारखी." वन्सं गप्प झाल्या. मला वाटलं, बरं तोंड बंद केलं.

परतताना सून गाडीत खिडकीबाहेर बघत बसली होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "आई, आप हर बार मेरा सर्टिफिकेट क्यों दिखाती हो?" मी काही बोलले नाही. फार लागलं मला. जिच्यासाठी मी नातेवाइकांशी वाईटपणा घेतला, तिनेच असं म्हणावं? त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं चाललंय. मुलगा म्हणतो, दोघींच्या मध्ये मला ओढू नका.

तिला सातवा महिना लागलाय. आता सगळ्यांचा एकच प्रश्न, बाळ कोणावर जाईल? त्यातली खोच मला कळते. माझं काय चुकलं? आणि लोकांना मी उत्तर तरी काय देऊ?

— एक सासू

नमस्कार.

वन्संना तुम्ही गप्प केलंत, चांगलंच केलंत. अशा वेळी बहुतेक घरांतली सासू ओशाळं हसते, नाहीतर पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जाते. तुम्ही सुनेच्या बाजूने उभ्या राहिलात आणि ते तिला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तेव्हा 'एवढं करून हेच फळ' हे मनातून काढा. तुमच्या उभं राहण्याबद्दल तिची तक्रार नाहीच. तिला तुमचं वाक्य लागलं.

ते वाक्य पुन्हा वाचून बघा. 'आपली भारतीयच आहे' यातला 'च' बघा, आणि 'दिसायला तशी आहे, पण' यातला 'पण'. मराठीत एका अक्षरात केवढं मावतं! त्या 'च'ने वन्संची शंका रास्त ठरवली. त्या 'पण'ने सुनेच्या चेहऱ्याला उणीव ठरवलं, आणि बाकीचे गुण बघून ती उणीव पोटात घाला असं सुचवलं. मग आली गुणांची यादी, हिंदी छान, मराठी शिकली. स्थळ सांगताना 'मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' म्हणत, आठवतं? तीच चाल आहे ही. तुम्ही-मी ती लहानपणापासून ऐकली आहे, कदाचित स्वतःबद्दलसुद्धा.

वन्संनी परीक्षा मांडली होती. तुम्ही 'ही परीक्षा कसली?' असं न विचारता सुनेला त्यात पहिल्या नंबराने पास करून आणलंत. पण अशा परीक्षेचा निकाल पुढच्या समारंभापर्यंतही टिकत नाही. तिथे दुसऱ्या कुणी वन्सं असतात आणि पुन्हा तोच पेपर.

आता समजा, तिला हिंदी आलंच नसतं तर? तुम्ही वन्संना काय सांगितलं असतं? खरं तर तिच्या हिंदीत नवल असं काही नाही. अरुणाचलमध्ये मुख्य अशा २६ जमाती मानतात, पोटजमाती तर कितीतरी. एकीची भाषा दुसरीला कळेलच असं नाही, म्हणून बाजारात, शाळेत, बसमध्ये सगळे हिंदीवर येतात. तिच्यासाठी ती रोजची व्यवहाराची भाषा आहे. आपण मात्र ती देशप्रेमाचा दाखला म्हणून फिरवतो. मिझोरामच्या एखाद्या खेड्यातल्या आजीला मिझोखेरीज अक्षर बोलता येत नसेल, ती काय कमी भारतीय झाली? माझ्या आजीला 'इधर आव' आणि 'कितना हुआ' यापलीकडे हिंदी येत नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही.

का विचारलं नाही, ते तुम्हाला-मला माहीत आहे. तिचा चेहरा 'आपल्यातला' होता.

राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात, राज्याने कशावरून भेदभाव करायचा नाही, त्या पाच गोष्टी मोजून दिल्या आहेत: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. यातल्या जातीवर आपण बोलतो, भांडतो, निदान तिचं नाव तरी घेतो. 'वंश' या शब्दावरून मात्र नजर सरळ पुढे घसरते. वंशभेद म्हणजे अमेरिकेतला, दक्षिण आफ्रिकेतला, गोऱ्यांनी काळ्यांना दिलेला त्रास, अशी आपली समजूत. आपल्या साखरपुड्यात, चहाचा कप हातात धरून केलेला तो प्रश्न वंशाबद्दलचा होता, हे आपल्या लक्षातही येत नाही.

हे चेहऱ्यांचे कप्पे कुठून आले, त्याचा एक किस्सा सांगते, वन्संना सांगायला उपयोगी पडेल. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नावाचे इंग्रज अधिकारी होते. नाकाची रुंदी आणि लांबी मोजून, त्यांचं गुणोत्तर काढून त्यांनी हिंदुस्थानातल्या लोकांचे वंश पाडले. हिमालयाकडचे आणि आसामकडचे लोक त्यांनी 'मंगोलॉइड' ठरवले. तो शब्द आजही आपल्याकडे सुशिक्षित माणसं शास्त्रीय असल्यासारखा वापरतात. पण रिस्ले यांच्या त्याच पुस्तकात आपल्यालाही एक कप्पा आहे. मराठी ब्राह्मण काय आणि कुणबी काय, सगळे 'सिथो-द्रविड', म्हणजे मध्य आशियातून आलेल्या शकांचं द्रविडांशी झालेलं मिश्रण! ती मोजपट्टी पुढे शास्त्राने मोडीत काढली. गंमत एवढीच, की त्यातलं आपल्याबद्दलचं आपण साफ विसरलो आणि त्यांच्याबद्दलचं तेवढं जपून ठेवलं. वन्संना आजवर कुठल्या समारंभात कुणी 'तुम्ही शक का हो?' असं विचारलं असेल, असं वाटत नाही.

'चायनीज का?' हा प्रश्न अरुणाचलच्या माणसाला इतरांपेक्षा जास्त का झोंबतो, हे मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या सुनेच्या त्या गाडीतल्या गप्प बसण्यात मला हेच जास्त दिसतं. चीन अख्ख्या अरुणाचलवर हक्क सांगतो, त्याला 'दक्षिण तिबेट' म्हणतो. १९६२ च्या युद्धात चिनी फौजा तवांग, बोमडिला, वालाँगपर्यंत आल्या होत्या. तेव्हा त्या भागाचं नाव नेफा होतं. अरुणाचल प्रदेश हे नाव १९७२ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाल्यावर आलं, आणि राज्याचा दर्जा २० फेब्रुवारी १९८७ ला. चीनचा दावा मात्र तसाच राहिला. २००७ मध्ये अरुणाचलच्या एका आयएएस अधिकाऱ्याला चीनने व्हिसा नाकारला. कारण काय, तर तुम्ही आमच्याच प्रदेशातले, तुम्हाला व्हिसा हवाच कशाला! नंतर अरुणाचलच्या लोकांना पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळ्या कागदावर व्हिसा देऊन तो कागद स्टेपल करून द्यायची चाल निघाली, भारत सरकार तो मान्य करत नाही. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत वुशू या खेळातल्या आपल्या तीन मुली अरुणाचलच्या होत्या. त्यांना तिथे पोचताच आलं नाही. बाकीचा संघ गेला, या तिघी राहिल्या. भारताच्या क्रीडामंत्र्यांनी निषेध म्हणून आपला दौरा रद्द केला.

म्हणजे बघा. ज्या देशाचा पासपोर्ट त्या मुलींनी सोडला नाही, त्या देशासाठी खेळायची संधी गमावली, त्याच देशात रस्त्याने जाताना त्यांना 'चायनीज' म्हणून हाका मारतात. चीन म्हणतो तू आमची, आणि इकडे वन्संनाही तेच वाटतं! तुमची सून अशा दोन्ही बाजूंच्या मधे वाढली आहे. तिच्या लेखी तो प्रश्न चेहऱ्यापुरता नसतोच.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगते आहे, म्हणून माझंही ऐका. कॉलेजच्या होस्टेलवर माझी एक रूममेट मणिपूरची होती. घरचे भेटायला आले तेव्हा मी तिची ओळख करून दिली, "वाटते तशी नाहीये हं, खूप साधी आहे." ती हसली, नमस्कार केला, आणि नंतर माझे घरचे आले की लायब्ररीत जाऊन बसायची. मला वाटायचं, अभ्यासू आहे. तुमच्या सुनेने तुम्हाला तोंडावर विचारलं, ताई. माझ्या मैत्रिणीने मला तेवढंही जवळचं मानलं नव्हतं. 'आई' म्हणून हाक मारून तिने जो प्रश्न केला, तो परक्या बाईला कुणी करत नाही.

लोकांना काय उत्तर द्यायचं, ते त्यामानाने सोपं आहे.

"ही माझी सून." एवढंच, आणि थांबायचं. थांबणं अवघड जातं, जिभेवर पुढचं वाक्य तयार असतं, ते गिळायचं. समोरून 'कुठली?' आलं तर "अरुणाचलची." झालं. इथपर्यंत कुणाचं काही चुकत नाही. आपल्याकडे गाव विचारल्याशिवाय ओळख पुरी होत नाही, नागपूरच्या सुनेलाही विचारतात, कोल्हापूरच्याही. प्रत्येक 'कुठली गं तू?' मध्ये वंशभेद शोधायला लागलात तर तुम्हीही थकाल आणि सूनही. ओळखायची खूण दुसऱ्या प्रश्नात असते. 'तसं नव्हे, मूळची कुठली?' 'मग दिसायला अशी कशी?' 'आधार कार्ड आपलंच आहे ना?' नागपूरच्या सुनेला जे विचारलं नसतं ते तिला विचारलं, की समजा गाडी घसरली. तेव्हा खुलासा करत बसू नका. "का हो, असं का विचारता?" एवढं म्हणा, तेही गोड आवाजात. विचारणाऱ्याला स्वतःच्या प्रश्नाचं कारण द्यावं लागलं की बहुतेक जण पंख्याकडे बघायला लागतात.

आणि ती शेजारी उभी असताना तिच्या वतीने उत्तर देऊ नका. ती ३० च्या आसपासची, नोकरी करणारी बाई आहे, तिला तोंड आहे. कधी तिला स्वतः बोलायचं असेल, कधी दुर्लक्ष करायचं असेल, कधी तुम्हीच बोलावं असंही वाटेल. कुठे काय, ते तिला आधी विचारून ठेवा. यात माझं मत किंवा तुमचं मत चालणार नाही.

वॉचमनचं काम तुमचं नाही, तुमच्या मुलाचं आहे. 'दोघींच्या मध्ये मला ओढू नका' हे वाक्य त्याला फार सोयीचं आहे! बायकोला स्वतःच्या घराच्या फाटकावर अडवतात आणि हा मध्ये नाही? त्याने सेक्रेटरीला लेखी द्यावं की रहिवाशांची यादी फाटकावर ठेवा, आणि विचारायचं तर सगळ्यांना विचारा, मलाही, नाहीतर कुणालाच नको. 'आमच्या मिसेसना जरा सोडत जा' अशी विनवणी करू नये. ती विनवणी म्हणजे पुन्हा सर्टिफिकेटच.

गोष्ट शिवीगाळीवर किंवा अंगावर येण्यावर गेली तर मात्र घरातल्या घरात मिटवू नका, पोलिसांत जा. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. सुरुवात झाली होती त्याच्या केसांची टिंगल करण्यापासून. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. तिने त्याच वर्षी अहवाल दिला आणि वांशिक शेरेबाजीसाठी दंडविधानात वेगळी कलमं घालावीत असं सुचवलं. ती कलमं झाली नाहीत. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा ईशान्येच्या मुलामुलींना लोक रस्त्यात 'करोना' म्हणू लागले, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावं लागलं. नव्या भारतीय न्याय संहितेत जमावाने केलेल्या हत्येच्या आणि गंभीर दुखापतीच्या कलमांत 'वंश' हे कारण आलं आहे. पण त्याचा उपयोग माणूस गेल्यावर किंवा जबर जखमी झाल्यावर. त्याच्या आधीच्या सगळ्या पायऱ्या, म्हणजे टिंगल, शेरे, फाटकावरची अडवणूक, अजून आपल्यासारख्यांच्याच हातात आहेत.

आता बाळ. 'कोणावर जाईल?' याला हसत म्हणा, "आईवर गेलं तर बरं, आमच्याकडचं नाक फार मोठं आहे." नाहीतर म्हणा, "आल्यावर कळवते." खोच काढायची असेल त्यांना काढू द्या, तुम्ही ती उचलू नका. पण या प्रश्नाआड तुमचीही एक काळजी लपली आहे, असं मला पत्र वाचताना वाटलं. बाळाला पुढे लोक 'मूळचा कुठला' विचारतील, ही. विचारतील, आणि त्या दिवशी त्याला काय सांगता यावं याची तयारी आत्तापासून करता येईल.

गालो लोकांची नावांची एक जुनी पद्धत आहे, तुमच्या सुनेला विचाराल तर ती रंगून सांगेल. बापाच्या नावाचं शेवटचं अक्षर घेऊन मुलाचं नाव सुरू होतं, त्याच्या शेवटच्या अक्षराने नातवाचं. पिढ्यांची अंताक्षरीच! अशी साखळी म्हणत जुनी माणसं थेट आबोतानीपर्यंत पोचतात. आबोतानी म्हणजे त्यांचा आणि शेजारच्या आदी, न्यिशी, आपातानी, तागिन या जमातींचा मूळपुरुष. 'आबो' म्हणजे बाप. आपल्या 'आबा'शी नातं लावायला मी भाषातज्ज्ञ नाही, पण तुमच्या नातवाला ते दोन शब्द एका दमात म्हणताना मजा येईल खरी. लिखाणाशिवाय इतक्या पिढ्या तोंडपाठ ठेवणाऱ्या घरातल्या मुलीला आपण विचारतो, मूळची कुठली? मला स्वतःला पणजोबांच्या पलीकडचं एक नाव सांगता येत नाही. तुम्हाला येतं?

बाळाचं नाव ठेवताना ही साखळी विचारात घ्या असा माझा आग्रह नाही, तो त्या दोघांचा प्रश्न. पण त्यांनी घेतली तर 'लोकांना उच्चारता येणार नाही' असं निदान तुम्ही म्हणू नका. बाळाशी ती गालोत बोलली तर बोलू द्या. 'आधी मराठी पक्कं होऊ दे' हा सल्ला घरात कुणीतरी देणारच. पोरं तीन भाषा सहज पेलतात, दमछाक मोठ्यांची होते.

आणि एकदा तिच्या गावी जाऊन या. दोन वर्षं झाली लग्नाला, तुमच्या पत्रात तुम्ही आलोला गेल्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. दिब्रुगडला उतरायचं, बोगीबीलच्या पुलाने ब्रह्मपुत्रा ओलांडायची, जवळजवळ पाच किलोमीटरचा पूल आहे, २०१८ मध्ये सुरू झाला. पुढे लिकाबालीला अरुणाचलची हद्द लागते. तिथे फाटक आहे, आणि त्या फाटकावर तुम्हाला अडवतील. इनर लाइन परमिट लागतं. इंग्रजांनी १८७३ मध्ये केलेला नियम आजही चालू आहे, ऑनलाइन अर्ज करता येतो. परमिट आणि ओळखपत्र दाखवून तुम्ही आत जाल. सुनेला तिथे कुणी काही विचारणार नाही. दोन्ही फाटकांची तुलना मी करत नाही, तिथे परमिट सगळ्याच बाहेरच्यांना लागतं आणि त्यामागे तिथल्या जमातींच्या संरक्षणाचं कारण दिलं जातं. फक्त हातात कागद धरून फाटकावर उभं राहताना कसं वाटतं, ते एकदा अनुभवून बघा.

पण हे सगळं बाळंतपणानंतर. त्याआधी एक काम राहिलं आहे. गाडीत तिने तुम्हाला प्रश्न विचारला होता, त्याला महिना होत आला आणि तुम्ही त्याचं उत्तर दिलेलं नाही. मोठं भाषण नको, रडारड नको, 'मी तुझ्यासाठी किती केलं' तर मुळीच नको. "तू म्हणालीस ते खरं होतं. मला तेव्हा कळलं नाही. आता नाही दाखवणार," इतकं पुरे. मराठीत म्हणा, तिला कळतं. सातव्या महिन्यात बायका लवकर झोपतात, तेव्हा जेवणाच्या आधीच गाठा तिला.